ते अजून आत आहेत

गळका नळ दुरुस्त करायचा, एवढंच काम होतं. मी प्लंबर. वॉशर बदलला, नळ फिरवून बघितला आणि पायाखालची फरशीच गेली. सगळी इमारत खाली बसली. पुढचं आठवतं ते फक्त अंधार आणि ओल्या सिमेंटचा वास.

शुद्धीवर आलो तेव्हा वॉर्डात होतो. भिंतीवरच्या टीव्हीत त्याच ढिगाऱ्यासमोर एक बाई रडत होती. हातात माझा फोटो. "माझे मिस्टर आत आहेत हो... नळ दुरुस्त करायला गेले होते..."

"तुमची बायको ना ही?" नर्स म्हणाली. "किती रडतेय बिचारी!"

"सिस्टर, माझं लग्न झालेलं नाही."

तिने माझ्या डोक्याच्या पट्टीकडे बघितलं. "आठवेल हळूहळू."

घरी गेलो तर दार त्याच बाईने उघडलं. मागून आई म्हणाली, "आलास बाबा! टीव्हीवर केवढा आकांत केला रे हिने तुझ्यासाठी."

"आई, तू तर माझ्यासाठी मुली बघत होतीस ना?"

आई गोंधळली. क्षणभरच. "सगळ्या जगाने बघितलं तिला. जग खोटं आणि तू एकटा खरा?"

शेजारीपाजारी तिला बघायला येत. माझी कुणी चौकशी करत नसे. मी कुठे टीव्हीवर आलो होतो? मग मीही वाद घालायचं सोडलं. ती वाढायची, मी गिळायचो. चव कळत नसे. एका दुपारी मात्र विचारलं, "कोण गं तू?"

तिने माझ्या खांद्यावरून पलीकडे बघितलं, कॅमेऱ्यात बघावं तसं. "माझे मिस्टर आत आहेत."

"अगं, मी बाहेर आलो..."

"ते... अजून आत आहेत."

परवा संध्याकाळी बातम्या लागल्या होत्या. तो ढिगारा केव्हाच उपसून झाला होता, तरी तोच दाखवत होते. खालून एक माणूस जिवंत निघाला. कुणीतरी त्याच्या तोंडावरची धूळ पुसली. चेहरा माझा होता.

ती उठली. "सापडले."

आई रडत रडत चपला शोधायला लागली. मी म्हटलं, "आई... मी इथे आहे."

तिने वळून माझ्याकडे नीट बघितलं. मग डोळे पुसत, परक्याशी बोलावं तसं म्हणाली, "आमचा मुलगा सापडलाय हो. तुम्ही निघताना दार तेवढं ओढून घ्या."

मी ओढून घेतलं. आत टीव्हीवर तो पाणी मागत होता. माझ्याच आवाजात.