भिंतीपलीकडचा कलमवाला

"अहो, थांबा! थांबा म्हणतोय ना!"

भिंगरीच्या हातातली करवत खोडापाशीच अडली. तिने मागे पाहिलं, बाजूला पाहिलं आणि मग वर. शेजारच्या भिंतीवर एक तरुण बसला होता. एक पाय इकडे, एक तिकडे. केसांत लिंबाची पानं, कानावर खोचलेली शिसपेन्सिल.

"त्या झाडाने तुमचं काय घोडं मारलंय?"

"मेलंय ते," भिंगरी म्हणाली. आवाज कापू नये म्हणून तिने तो जरा चढवला, इतकंच. "आणि तुम्ही आमच्या भिंतीवर काय करताय?"

"शेजारच्यांचं लिंबू छाटतोय. कोपऱ्यावरच्या रोपवाटिकेत कलमं बांधतो मी. कसलं झाड आहे हो हे?"

"पर्सिमन. टोमॅटोसारखं केशरी फळ येतं म्हणे."

त्याने सरळ इकडे उडीच मारली.

आता सांगायचं म्हणजे, भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. ही मुलगी एका जागी दोन मिनिटं टिकेल तर शपथ, म्हणून आत्याने ते ठेवलेलं. बावीस वर्षांची भिंगरी चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघायची आणि घरी आली की या झाडाकडे. पाच वर्षांपूर्वी सुट्टी संपवून बोटीवरच्या नोकरीला परत निघताना बाबांनी ते लावलं होतं. काडीएवढं होतं तेव्हा. "झाड तुझं," ते म्हणाले होते. "आणि पहिलं फळ कुणाला द्यायचं, तेही तूच ठरवायचं."

पण यंदा थंडी सरली, सगळ्या झाडांना पालवी फुटून महिना झाला तरी हे आपलं काळपट, उघडंबोडकं! भिंगरीने बुंध्याशी उकरून पाहिलं, तर मुळं काळी ठिक्कर. ती रात्रंदिवस पाणी घालत होती ना... कुजवलं होतं तिनेच! आत्याने तर झाड काढल्यावर तिथे स्कूटर मावेल का, हेसुद्धा मोजून ठेवलं होतं.

"मुळं काळी आहेत?" उकरलेल्या बुंध्याकडे बघत कलमवाला हसला. "मग उत्तम! पर्सिमनची मुळं काळीच असतात."

"काहीतरीच!"

"द्या अंगठा."

"काय?"

"नख वापरायचंय. माझी कापलेली आहेत." त्याने तिचा हात धरला नाही, फक्त फांदीवरची जागा दाखवली. भिंगरीने साल खरवडली. काळपट सालीखाली हिरवंगार, ओलसर...

तिला एकदम रडूच आलं. मग हसू. मग दोन्ही.

"झोपाळू झाड आहे," तो हळूच म्हणाला. "सगळ्यांच्या शेवटी उठतं. तीन आठवडे द्या याला. नाही उठलं तर मी स्वतः येऊन कापतो."

"आणि उठलं तर?"

"तर... चहा पाजा."

आत्याने खिडकीतून सगळं ऐकलं होतं. "तीनच आठवडे हं! वर एक दिवस नाही!"

मग तो रोज साडेपाचला येऊ लागला. कधी म्हणे कात्री विसरली, कधी म्हणे लिंबाला कीड लागली. शेजारच्या लिंबाची इतकी काळजी आजवर कुणी घेतली नव्हती! भिंगरी कुणाच्याही डोळ्यांत बिनधास्त बघणारी मुलगी, पण याच्याशी बोलताना तिला फांद्याच मोजाव्याशा वाटायच्या.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी फांदीच्या टोकाला पोपटी ठिपका दिसला. भिंगरी अनवाणीच रोपवाटिकेकडे पळाली.

"उठलं! अहो, उठलं ते!"

कलमवाला मटकन कुंडीच्या काठावर बसला. "हुश्श! मला वाटलं, तुमच्या आत्यांना आता कोणत्या तोंडाने..."

"म्हणजे? तुम्हाला खात्री नव्हती?"

"झाडाची होती," तो म्हणाला. "आत्यांची नव्हती."

पुढे पानांआड फिकट फुलं आली, चिमुकली फळं धरली, आणि अकरातली सात टपाटप गळाली. भिंगरी घाबरीघुबरी.

"खत किती घातलंत?"

"थोडंसं... दर आठवड्याला."

"लाड जास्त झाले की हे फळं टाकतं."

"आणि तुम्ही?"

"मी?" त्याचे कान लाल झाले. "मला चालतात लाड."

झाडाची पानं तांबूस झाली, फळं केशरी. आता झाडाला काही झालेलं नव्हतं. आणि हीच तर पंचाईत! झाड ठणठणीत, लिंबू ठणठणीत... मग तो यायचा तरी कशाला?

एका संध्याकाळी भिंगरीने मन घट्ट करून एक फळ कातरलं. त्याने शिकवल्याप्रमाणे, देठावरची हिरवी टोपी राखून. आणि त्याच्यापुढे धरलं.

"पहिलं आहे," ती म्हणाली.

बाबांचं बोलणं तिने त्याला मागेच सांगितलेलं होतं. त्याने फळाकडे पाहिलं. टोकदार, टणक. मग तिच्याकडे. आणि भलामोठा घास घेतला.

चावला. थांबला. डोळ्यांत पाणी आलं. पण चकार शब्द नाही!

"का दिलं ते कळलं ना तुम्हाला?"

मान हलली, पण हो की नाही, काही कळेना. भिंगरीला राहवेना. "अहो, काहीतरी बोला ना!"

त्याने कानावरची पेन्सिल काढली, खिशातून रोपांना नाव लिहून लावायची पट्टी काढली आणि लिहिलं: *कळलं. मलाही तुम्हीच हव्यात.*

भिंगरीने ते तीनदा वाचलं.

"मग तोंडाने सांगायला काय झालं?"

"तुर...ट," तो कसाबसा बोलला. "टोकदार जात... मऊ झाल्यावर खातात. आता जीभच वळत नाही."

"माहीत होतं, तरी खाल्लंत?"

"मऊ होईपर्यंत तुम्ही विचार बदलला असतात तर?"

भिंगरीने त्याच्या हातातून फळ ओढून घेतलं आणि त्याच्या घासाशेजारीच कचकन चावा घेतला. तोंडाचं पार लाकूड झालं. दोघं एकमेकांची वाकडी तोंडं बघत, आवाज न करता, पोट धरून हसत राहिले.

खिडकीतून आत्या डोकावली. "काय गं? दातखीळ बसली का दोघांची?" आणि उत्तर येईना तेव्हा तिने चहाचं आधण ठेवलं. तीन कपांचं.