अकरा पेट्या आणि एक खटका

गाडीत मधमाश्यांच्या अकरा पेट्या होत्या. आठ गुणगुणत होत्या, तीन गप्प. माणसं दोन: हिरामणमामा आणि त्याची दहा वर्षांची भाची वेणू. यंत्रमानव एक, ठिपका. बाहेर ४९ अंश, पेट्यांजवळ ४०.

२०५८ च्या उन्हाळ्यात तालुक्यात एवढ्याच माश्या उरल्या होत्या. मामा त्यांना डोंगरावर, थंडाव्याला नेत होता. पण गाडीचा एसी मिनिटभर चाले आणि बंद पडे. पुन्हा चाले, पुन्हा बंद.

"४२ ला मेण मऊ पडेल," ठिपका म्हणाला. "पोळी कोसळतील, राणीसकट."

"गप रे, अपशकुन्या!" मामाने बॉनेट उघडलं आणि नळीवरचं एक पितळी बोंड धरलं. "हा खटकाच आडवा येतोय. तार जोडून डायरेक्ट करतो."

"थांब ना मामा! ठिपक्या, हा खटका करतो तरी काय?"

"कॉम्प्रेसर (वायू दाबणारा पंप) वायू दाबतो, तेव्हा वायू तापतो. पुढचा कंडेन्सर (उष्णता बाहेर टाकणारी जाळी) त्याला निववून द्रव करतो. तोच द्रव आत पुन्हा वायू होताना पेट्यांजवळची उष्णता शोषतो. हा दाबखटका नळीतला दाब जोखतो. त्याच्या पोटात पातळ पत्रा आहे. दाब दोन बारच्या (बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेइतका दाब) खाली गेला किंवा बत्तीसच्या वर चढला, की पत्रा सरकतो, आतला जोड सुटतो, कॉम्प्रेसर थांबतो."

"कमी झाला तर काय बिघडतं?"

"वायू गळलाय असं समज. त्याच्याबरोबर फिरणारं तेलही पोचत नाही. कॉम्प्रेसर जळतो."

"आणि जास्त?"

"नळी फुटते."

मामाचा हात थांबला. "गेल्या साली डायरेक्टच केलं होतं मी," तो हळू म्हणाला. "सहा पेट्या गेल्या."

वेणूने नळीवरचा दाबमापक पाहिला. काटा चढत बत्तीसला गेला. टक्! एसी बंद. सव्वीसपर्यंत उतरला. टक्! चालू.

"दाब जास्त होतोय, मामा! म्हणजे उष्णता बाहेर पडत नाहीये." ती गाडीच्या पुढे धावली. जाळीवर सावरीचा कापूस आणि धूळ थापून बसली होती, जाड गोधडीसारखी.

मामाने इंजिन बंद केलं. वेणू माश्या झाडायच्या मऊ ब्रशने कापूस काढू लागली, मामा बोटांनी.

"४१.४," ठिपका म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "चौथी पेटी गप्प झाली."

ब्रश चालत राहिला.

"पुढच्या वर्षी निघण्याआधी जाळी मी बघणार," शेवटी वेणू म्हणाली.

"बघ, बाई."

गाडी निघाली. वीस मिनिटांनी ठिपक्याने नोंद केली: दाब १९ बार. पेट्यांजवळ ३६ अंश.