खोडावरची पुंगळी

इम्पी लाहतीने कोट काढला नाही. हिल्मा कारवोनेनच्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर ती तशीच बसली.

"सोमवारी माझा नवरा कोर्टात सही करणार आहे," ती म्हणाली. "सख्ख्या भावाला आपणच मारलं म्हणून."

"मारलं का त्याने?"

"त्याला खात्रीने सांगता येत नाही. शेरीफचा माणूस सांगतो, म्हणून हा म्हणतो. हिल्मा, खरं असेल तर करू दे सही. पण खोटं असेल तर? आठ दिवस झाले, ना जेवला ना रडला. तुरुंगात तो महिनाभर टिकायचा नाही."

हिल्माने पंचवीस वर्षं विम्याच्या कामासाठी जळक्या घरांची राख चाळली होती. बासष्टाव्या वर्षी तिच्याकडे खाजगी तपासाचा परवाना आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. त्यामुळे गाडी ऑस्कर बेलांजे चालवायचा. तो शाळेच्या बसवरून निवृत्त झालेला होता. त्याची गाडी झकास चाले, डोकं जरा सावकाश.

सत्त्याऐंशी सालचा तो नोव्हेंबर. तेव्हा अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराच्या या काठावर दारं बुजतील इतकं बर्फ पडे, आणि हरणांच्या मोसमाच्या पहिल्या दिवशी शाळांनाही सुट्टी असे. लाहती बंधूंच्या रानातल्या झोपडीत इम्पीचा नवरा टोइव्हो धरून चौघे शिकारीसाठी मुक्कामाला होते. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा भाऊ रीनो दलदलीच्या काठी मेलेला सापडला. गोळी छातीतून आरपार गेली होती. ती काही मिळाली नाही.

मिळाली ती फक्त काडतुसाची रिकामी पुंगळी.

"प्रेतापासून एकशे दहा पावलांवर, तोडलेल्या झाडाच्या खोडावर," शेरीफचा सहायक ती हिल्मासमोर ठेवत म्हणाला. "छान उभी होती, लगेच दिसली. बुडावर मापाची छाप बघा, थर्टी-थर्टी. त्या झोपडीत थर्टी-थर्टीची रायफल एकट्या टोइव्होची. काठावर रायफलमधल्या पुंगळी खेचणाऱ्या पंजाचे ओरखडे आहेत, तेही जुळले. आणखी काय पाहिजे?"

इम्पीने दिलेली थर्टी-थर्टीची एक सुटी गोळी हिल्माने खिशातून काढली. टोइव्हो पूर्वी काडतुसं घरी भरायचा, तेव्हाची ती उरलेली होती. तिने ती पुंगळीच्या तोंडावर ठेवली. गोळी तिथेच अडली.

"थंडीने आकसली असेल," सहायक हसला.

"असेल," हिल्मा म्हणाली.

*

टोइव्हो घरी खिडकीपाशी बसला होता. त्याने एकाच गालाची दाढी केली होती. दुसऱ्या गालावरचा साबण कधीच वाळून गेला होता.

"किती बार काढलेस?" हिल्माने विचारलं.

"एक."

"कुठून?"

"मोठ्या हेमलॉकच्या झाडाखालून. उत्तरेला, लाकूडतोड्यांच्या रस्त्यावर हरीण होतं. चुकलं." तो थांबला. "पण ते म्हणतात खोडापासून, दक्षिणेला. असेल. सकाळी खोडावरून गेलो होतो खरा."

"रायफलीत काडतुसं किती भरली होतीस?"

"पाच. चार निघाली."

"टोइव्हो, तुला स्वतःला काय वाटतं?"

"काही वाटत नाही," तो म्हणाला, आणि ते अगदी खरं होतं.

विल्हो हा दोघा भावांचा मावसभाऊ. टपाल वाटायचा, आणि झोपडीत स्वयंपाक करायचा.

"माझी बंदूक खिळ्यावर होती," तो म्हणाला. "मी बटाटे सोलत होतो. बटाट्यांना विचारा."

"किती बार ऐकलेस?"

"दोन. पहिला टोइव्होचा. चाळीस वर्षं ऐकतोय, ओळखीचा. दुसरा दहा मिनिटांनी. बापरे! कानात खिळा ठोकल्यासारखा. शेरीफ म्हणाला, शेजारच्या छावणीतला असेल."

गाडीत ऑस्कर म्हणाला, "बाई, बटाट्यांचं काय?"

"ऑस्कर, तू रस्त्याकडे बघ."

*

राहिला होता रीनोचा जावई डेल. तो गिरणीत कामाला होता. रीनोची मुलगी लॉर्ना दारात आली. डोळे कोरडे, आवाज सपाट.

"मी एकही बार काढला नाही," डेल म्हणाला. "मी ओढ्याकाठी होतो. माझ्याकडे रायफलच नाही, हे पिस्तूल आहे." त्याने ते मोडून दाखवलं. दुनळी मोडते तसं मधून मोडणारं, एका वेळी एकच काडतूस घेणारं, वर दुर्बीण. "चव्वेचाळीस कॅलिबरची, जवळच्या माऱ्याची नळी आहे. पन्नास पावलांपलीकडे मी हरणावर झाडत नाही."

"या पिस्तुलासाठी कुठलं काडतूस घ्यायचं यावर आमच्या जेवणाच्या टेबलावर एक अख्खा हिवाळा गेला," लॉर्ना म्हणाली. "बाबा म्हणायचे, चव्वेचाळीस घे. आपल्या रानात पन्नास पावलांपुढचं दिसतंय कुणाला? टोइव्होकाका म्हणायचे, थर्टी-थर्टी घे, कुठल्याही पेट्रोल पंपावर मिळतं. आणि याला हवं होतं सात मिलिमीटरचं. गोळी सरळ लांब जाते म्हणे. ते दुसऱ्या पुंगळीचा गळा आवळून घरी बनवायचं. बाबांनी इतकं छळलं याला! 'जावईबापू, हरीण मारायचंय की घड्याळ दुरुस्त करायचंय?'"

"म्हणून शेवटी चव्वेचाळीसच घेतलं," डेल म्हणाला.

मागच्या खोलीत त्याचं काडतुसं भरायचं बाक होतं. त्यावर एक कॉफीचा डबा. हिल्माने आत हात घातला. वरच्या पुंगळ्या घासून सोन्यासारख्या झालेल्या, खालच्या काळवंडलेल्या. सगळ्यांच्या बुडावर एकच छाप, थर्टी-थर्टी.

"टोइव्होकाकांनी दिलेल्या," लॉर्ना म्हणाली. "त्यांची नजर अधू झाल्यापासून ते विकतच घेतात."

दुसऱ्या दिवशी हिल्माने ऑस्करला पिठाची चाळणी देऊन हेमलॉकच्या उजवीकडचं बर्फ चाळायला लावलं. दोन तास तो शिव्या घालत चाळत होता. टोइव्होच्या बसायच्या जागेपासून चार पावलांवर, वीतभर खाली, जुन्या कडक थरात चाळणी खणकली.

*

रविवारी दुपारी सगळे टोइव्होच्या घरी जमले. सहायकही आला, सोमवारचा कागद घेऊन. इम्पीने कॉफी ओतली. कुणी कप उचलला नाही.

हिल्माने टेबलावर एक पुंगळी ठेवली. "ही हेमलॉकखाली मिळाली. दांडी ओढली की टोइव्होची रायफल पुंगळी बाहेर भिरकावते. गरम पुंगळी बर्फ वितळवत खाली जाते. ही खाली गेली होती. हा त्याचा एकमेव बार, उत्तरेला काढलेला. पाच भरली, चार उरली. मग खोडावरची कुणाची?"

"ओरखडे त्याच्याच रायफलचे आहेत," सहायक म्हणाला.

"आहेतच. ती पुंगळी एकदा त्याच्या रायफलीतून गेलीय, काही वर्षांपूर्वी." तिने सुटी गोळी हेमलॉकखालच्या पुंगळीत सोडली. ती सहज आत घसरली. "बार झाला की पुंगळीचं तोंड जरा सैल होतं, त्या मापाची गोळी अशी आत जाते. खोडावरच्या पुंगळीत ती गेली नाही. तिचा गळा आवळलेला आहे. बुडावर लिहिलंय थर्टी-थर्टी, पण उडाली ती सात मिलिमीटरची, जरा बारीक गोळी. तुम्ही बूड वाचलंत साहेब. तोंड बघितलं नाहीत."

ऑस्कर हळूच म्हणाला, "म्हणजे डब्यातल्या?"

"डब्यातल्या. चव्वेचाळीस वापरणारा थर्टी-थर्टीच्या पुंगळ्या घासून चकचकीत कशाला करेल? रायफलचं काडतूस आखूड नळीतून उडालं की कानात खिळा ठोकल्यासारखा आवाज होतो. विल्होने तो ऐकला. आणि या पिस्तुलाची नळी बदलायला एक खीळ काढावी लागते. दोन मिनिटांचं काम."

"दुसरी नळी माझ्याकडे नाहीच," डेल म्हणाला.

लॉर्नाने मांडीवरच्या पिशवीतून कापडात गुंडाळलेली नळी काढली आणि टेबलावर ठेवली.

"तळघरात होती," ती म्हणाली. "बटाट्यांच्या पोत्याखाली."

हिल्माने कापड उलगडलं.

"गोळी चुकून लागली असेल," हिल्मा म्हणाली. "फांद्यांत शिंगं दिसली असतील. ते मी समजू शकते. पण हे पिस्तूल पुंगळी भिरकावत नाही, डेल. ते मोडून नखाने ओढून काढावी लागते. आणि घरी भरणारा माणूस आपली पुंगळी खिशात घालतो, जंगलात टाकत नाही. तू ती खोडावर उभी करून ठेवलीस. छाप सगळ्यांना वाचता यावी म्हणून."

डेलचे हात टेबलावर पडले होते, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. "त्यांनी एवढं सांगितलं होतं, चव्वेचाळीस घे," तो म्हणाला. "मला सांगवेना. मला वाटलं, काकांना अपघात म्हणून सोडून देतील. म्हातारे आहेत." सहायकाने सोमवारचा कागद घडी घालून खिशात टाकला. "सासरे पडलेले दिसले तेव्हा मी धावत गेलो..."

टोइव्होने मान वर केली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. "तू त्याच्यापाशी गेला होतास?"

"हो, काका."

"जिवंत होता?"

"थोडा वेळ."

"काही म्हणाला?"

डेलने लॉर्नाकडे पाहिलं.

"सांग त्यांना," लॉर्ना म्हणाली.

"तुम्हाला विचारत होते. टोइव्हो कुठाय, टोइव्हो कुठाय, एवढंच."

"मग तू काय सांगितलंस?"

"येतोय म्हणालो."

टोइव्हो उठला. तो डेलच्या अंगावर जाणार असं वाटून सहायकही उठला. पण म्हातारा त्याच्यासमोर नुसता उभा राहिला. त्याची हनुवटी थरथरू लागली, मग खांदे, मग तो सगळाच.

"अरे, तीनशे पावलांवर होतो मी," तो म्हणाला. "एक हाक मारायचीस. आलो असतो."