मायनस सव्वातीन

माझं चष्म्याचं दुकान आहे. तीस वर्षं लोकांचे डोळे तपासतोय. त्यामुळे कुणी काही विचित्र दिसलं म्हणालं, की मी आधी त्याचा नंबर विचारतो.

मुलगी दोन वर्षं कॅमेऱ्यासाठी मागे लागली होती. मी आपलं ‘परीक्षा होऊ दे, मग बघू’ करत टोलवत राहिलो. ती अपघातात गेली. पाचव्या महिन्यात तिच्या वहीत कॅमेऱ्याच्या सामानाची यादी सापडली, ती घेऊन मी कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो.

“पहिलाच डीएसएलआर ना, काका?” दुकानदार बोलका होता. “मग उगाच भारीतली बॉडी नको. ही साधी घ्या. अठरा-पंचावन्नची लेन्स सोबतच येते, तिच्यात सगळं भागतं. लांबचं टिपायला मोठी झूम दाखवू?”

यादीत लिहिलं होतं: झूम नको. पन्नासची हवी. बाबांचे फोटो दुकानात काढायचेत, तिथं उजेड कमी. बाबा कंजूष, बल्ब बदलत नाहीत.

“पन्नासची द्या,” मी म्हणालो. “मुलीसाठी हवाय.”

“मग तिलाच आणायचं ना! डोळ्याला लावून बघितलेलं बरं.” त्यानं डोळा लावायच्या खिडकीशेजारचं बारीक चाक दाखवलं. “चष्मा काढून बघायचं असेल तर हे आपल्या नंबराप्रमाणे फिरवायचं. चष्मा घालून बघणार असेल तर शून्यावरच राहू द्या.”

माझी लांबची नजर चांगली आहे. मी चाक शून्यावर ठेवलं.

घरी कॅमेरा तिच्या टेबलावर ठेवला. तिची आई दारातूनच म्हणाली, “अहो, आता कशाला आणलात?” पन्नासची लेन्स मी खोक्यातून काढलीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या खुर्चीत बसून डोळा लावला, तर सगळं धूसर. चाक फिरलेलं होतं. पुसताना धक्का लागला असेल, म्हणून परत शून्यावर आणलं. तिसऱ्या दिवशी तेच. मग मी चाकावर चिकटपट्टी लावली. सकाळी पट्टी जशीच्या तशी होती आणि तिच्याखालचं चाक फिरलेलं.

दुकानातून तपासणीच्या काचांची पेटी आणली. डोळ्यापुढे एकेक काच धरत गेलो. प्लस अडीचची धरली तेव्हा समोरची भिंत स्वच्छ दिसली. म्हणजे चाक मायनस अडीचच्या डोळ्याला लावलेलं होतं.

तिचा मायनस अडीचचा चष्मा मीच केला होता.

पुढच्या आठवड्यात पावणेतीन झालं. त्याच्या पुढच्या आठवड्यात तीन.

आता ते सांगायलाच हवं. जायच्या आधी ती म्हणाली होती, “बाबा, बसची पाटी वाचता येत नाहीये हो.” मी म्हणालो, “रविवारी तपासू.” रविवारी मी दुपारभर झोपलो. मंगळवारी ती रस्ता ओलांडत होती. ट्रकचा ड्रायव्हर रडत रडत सांगत होता, “तिनं माझ्याकडे बघितलं, साहेब. बघूनही पुढे आली.” साऱ्या गावाचे डोळे तपासले मी, आणि पोटच्या पोरीचे राहून गेले.

तीनच्या पुढे ते चाक जातच नाही. चार दिवस ते टोकाला टेकलेलं होतं. चौथ्या दिवशी त्याच्या कडेवर नखाचे ओरखडे दिसले.

पाचव्या दिवशी दुकानात बसून मी मायनस सव्वातीनच्या काचा कापल्या. एक काच वायाही गेली. तिनं हेरून ठेवलेल्या निळ्या फ्रेममध्ये त्या बसवल्या, पुसून लख्ख केल्या. संध्याकाळी चष्मा कॅमेऱ्याशेजारी ठेवला. तिची आई बघत होती.

“उशीर झाला गं, बाळा,” एवढंच मी म्हणालो.

सकाळी चाक शून्यावर होतं.

अठरा-पंचावन्नची लेन्स काढून बाजूला ठेवली होती. पन्नासची लावलेली होती, आणि कॅमेरा मी रोज सकाळी बसायचो त्या तिच्या खुर्चीकडे वळलेला होता.

चष्मा काड्या मिटून ठेवला होता. मी तो उजेडाकडे धरला. दोन्ही काचांवर आतल्या बाजूनं पापण्या टेकल्याच्या बारीक रेघा होत्या. त्या अजून ओल्या होत्या.