परतीचे बाण

मोबाइल खिशात घाला आधी. त्या उजेडात तुमची तोंडं निळी दिसतात, आणि निळ्या तोंडांना मी काही सांगत नसतो. हां, आता बरं. उद्या पहाटे डोंगराच्या धारेवर निघायचं म्हणताय ना? मग ऐका. ही गोष्ट इकडून तिकडून ऐकलेली नाही. ज्याच्यावर गुदरली तो माणूस माझ्या भिंतीला भिंत लावून राहायचा. आणि हसायचं असेल त्याने आत्ताच हसून घ्या, मधेच खिदळलात तर मी उठून झोपायला जाईन.

तर तो रंगारी. घरं रंगवायचा, दुकानांच्या पाट्या रंगवायचा, आणि पावसाळा सरला की डोंगरावरचे बाण. दगडांवर पिवळे बाण असतात ना, ज्यांच्या भरवशावर तुम्ही वर जाता? ते काही गवतासारखे उगवत नाहीत. कोणीतरी डबा आणि कुंचला घेऊन जातं, उन्हात गुडघे फोडतं, तेव्हा ते दिसतात. दरवर्षी पाऊस रंग खायचा आणि दरवर्षी हा जायचा.

कामाची रीत ठरलेली. प्रत्येक दगडाला दोन बाण. समोरच्या अंगाला जाणाऱ्यासाठी, पाठीच्या अंगाला परतणाऱ्यासाठी. जाताना समोरचे रंगवायचे, येताना पाठीचे. तारेच्या ब्रशने जुना खरवडायचा, लगेच तिथे नवा काढायचा. नवा काढल्याशिवाय पुढच्या दगडाला हात लावायचा नाही. आणि परतीचा बाण जास्त महत्त्वाचा, हे डोक्यात ठेवा. जाताना धार सरळ वाटते, चुकायला जागाच नाही. येताना मात्र तीन ठिकाणी तिला सोंडा फुटतात. दिसायला सगळ्या सारख्या. प्रत्येक ठिकाणी एकच खरी, दुसरी थोडं चालवते, लाडीगोडी लावते, आणि हवेत संपते.

ऑक्टोबरातला शेवटचा शनिवार होता. दुसऱ्या दिवशी शहरातून मोठा गट वर जाणार होता, म्हणून बाण त्याच दिवशी व्हायला हवे होते. रंगाऱ्याची बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. घरात एकुलती एक लेक, सातव्या महिन्यात, आरामाला आलेली, आणि तिच्याबरोबर सुट्टी काढून आलेले जावईबापू. हे चष्म्याच्या दुकानात कामाला. माणूस लाख चांगला, पण बोलणं म्हणजे नळ सोडून दिल्यासारखं.

"मामा, मीही येतो," ते म्हणाले. "रोज लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावून डोळे विटले. जरा लांबचं बघू दे की."

लेक दारात उभी राहिली. "बाबा, ह्याच्या पायांना फरशीची सवय आहे. जसा नेताय तसा परत आणा. अंधाराच्या आत."

"अगं, मी काय त्याला विकायला नेतोय का?" रंगारी म्हणाला. हसत म्हणाला, पण तिच्या पोटाकडे एक नजर गेलीच. आईविना वाढवलेली पोर. तिला काही कमी पडलं तर हा माणूस उभा जळणारा.

दोघं वर चढले. धार लागली आणि जावईबापूंची वाचाच बसली. उजवीकडे तलाव, ताटलीएवढा. डावीकडे आपली वस्ती, रस्ता, त्यावरून जाणारा ट्रक मुंगीएवढा. मागे डोंगरामागे डोंगर, निळे, मग फिके, मग नुसता भास. आणि पायाखाली जेवणाच्या टेबलाएवढी रुंदी, दोन्हीकडे पोटात खड्डा पडेल एवढी खोली. वाचा परत आली तशी ते फोटो काढायला लागले. दगडाबरोबर फोटो, ढगाबरोबर फोटो, सासऱ्याच्या पाठीचा फोटो.

मग त्यांना कामाचा हुरूप आला. तारेचा ब्रश घेतला आणि पुढे जाऊन सुटले दगड खरवडत. समोरचा बाण साफ, पाठीचाही साफ.

"अहो, पाठीचा कशाला? तो येताना," रंगारी म्हणाला.

"तुमचं येतानाचं काम हलकं करतोय, मामा! तुम्ही नुसता कुंचला फिरवायचा."

इथे चुकलं बघा. दुसरा कोणी गडी असता तर रंगाऱ्याने ब्रश हिसकावून दोन शिव्या हासडल्या असत्या. पण जावई. पहिल्यांदाच हौसेने हाताला काम लावलेलं. त्याला कसं बोलायचं? रात्री लेकीला सांगितलं तर तिचं तोंड उतरायचं. रंगाऱ्याने शब्द गिळला आणि समोरचे बाण काढत राहिला. मागे सगळी वाट कोरी होत गेली.

शेवटच्या टोकाला पोचेपर्यंत ऊन कलंडलं होतं. जावईबापू म्हणाले, एक फोटो टोकावरचा, तुमचा आणि डब्याचा. चौकटीत सगळं बसवायला म्हणून एक पाऊल मागे सरले. टाच डब्याला लागली. ठण्... ठण्... मग काहीच नाही. खाली पोचल्याचा आवाजसुद्धा आला नाही. डब्यातच उभा ठेवलेला कुंचलाही गेला.

"दहा डबे आणून देतो, मामा," जावईबापू ओशाळून म्हणाले.

रंगारी मागे बघत होता. तलावाकडून ढग वर यायला लागला होता. आधी तलाव गेला. मग वस्ती. मग आल्या वाटेचे दगड, एकेक करून.

तुमच्यातल्या शहाण्यांना वाटेल, इतकी वर्षं जाणारा माणूस, त्याला वाट पाठ असेल. असते, दिसत असेल तोवर. ढगात आणि अंधारात सगळे दगड एकाच आईची लेकरं. मोबाइलने फोटोंच्या पायी मान टाकलेली. रंगाऱ्याच्या कपाळावर एक बॅटरी, तिचा उजेड हातभर जाऊन पांढरा व्हायचा. त्याने जावयाच्या पट्ट्याला दोरी बांधली, दुसरं टोक स्वतःच्या कमरेला, आणि दोघं पाय चाचपत निघाले. दगड आला की हा पाठीच्या अंगाला बॅटरी मारायचा. कोरा. पुढचा, कोरा. आपण काय करून ठेवलंय ते जावईबापूंना आता कळलं होतं.

पहिली सोंड फुटते तिथे रंगारी थांबला. डावी की उजवी? दगडावर उजेड टाकला.

पिवळा बाण. उजवीकडे.

"वाचलो!" जावईबापू म्हणाले. "हा राहिलाच बघा माझ्या हातून."

रंगाऱ्याने बाणावर बोट ठेवलं. बोट पिवळं झालं.

त्याने ते बोट पँटला पुसलं. जावयाला काही सांगितलं नाही. "चला," एवढंच म्हणाला.

मधल्या दगडांवर काही नव्हतं. दुसरी सोंड आली तिथे पुन्हा बाण. रंग दगडावरून ओघळत होता. आणि आता रंगाऱ्याने नीट बघितलं. कुंचल्याची ओढ उलटी होती. डावखुऱ्या हाताची.

त्याला हे काम शिकवणारा एक थोरला रंगारी होता. सगळे त्याला दादा म्हणायचे. मागेपुढे कोणी नाही, एकटा जीव, डोंगर हेच घर. हाताशी कोणी शिकाऊ टिकायचा नाही त्याच्या, एवढा तो कामाला कडक. आपल्या रंगाऱ्याने दोन हंगाम काढले आणि लग्न झाल्यावर सोडून दिलं; पुन्हा डबा उचलला तो दादाच्या माघारी. दादा एकटाच जात राहिला. एका संध्याकाळी गेला तो आलाच नाही. तिसऱ्या सोंडेच्या खाली सापडला. कुंचला मुठीत होता. डाव्या.

रंगाऱ्याने कमरेची गाठ ओढून बघितली. थांबून चालणार नव्हतं. वारा सुटला होता, जावई थंडीने कुडकुडत होते. तो चालत राहिला. मनात एकच. हे बाण आपल्याला कुठे नेतायत?... घरी?... की त्याच्याकडे?

तिसरी सोंड.

दगड कोरा.

बॅटरी चारी बाजूंनी फिरवली. कोरा.

आणि मग आवाज आला. पुढून. ढगातून.

सर्र... सर्र...

दगडावर कुंचला फिरतो तसा.

"मामा, माणूस आहे पुढे!" जावईबापू ओरडले. "ओ दादा..."

ते आपलं असंच म्हणाले. अनोळखी माणसाला म्हणतो आपण. पण रंगाऱ्याने त्यांच्या तोंडावर हात दाबला.

आवाज थांबला.

ओल्या रंगाचा वास आला. अगदी जवळून.

रंगारी गुडघ्यांवर बसला. इतका वेळ धरून ठेवलेलं सगळं बाहेर पडलं. रडतच बोलला. "दादा... मी तुम्हाला सोडून गेलो. माझ्यावर राग धरा. पण हा माझ्या लेकीचा नवरा आहे. सातवा महिना आहे तिला. घरात लहान जीव येणार आहे, दादा. त्या जिवाकडे बघा... आणि आम्हाला खाली जाऊ द्या."

...

काही नाही. वारासुद्धा नाही.

जावईबापूंची दोरी थरथरत होती. रंगाऱ्याने डोळे पुसले. मान वर केली.

दगडावर बाण होता.

डावीकडे.

ते डावीकडे गेले. एक पाऊल, मग दुसरं. पायाखाली जमीन होती. उतार लागला. झुडपं लागली. ढग वर राहिला आणि खाली वस्तीचे दिवे दिसले, तेव्हा जावईबापू सासऱ्याच्या गळ्यात पडून लहान पोरासारखे रडले.

घरी पोचायला अकरा वाजून गेले होते. लेक फाटकातच उभी. आधी दोघांना फैलावर घेतलं, मग नवऱ्याचा हात धरला तो सोडेचना. रंगारी तिला बघत राहिला. शब्द पाळला होता. जसा नेला तसा आणला होता. त्या रात्री तो गाढ झोपला.

काय रे? संपली म्हणून पाय लांब करतोस? बस तसाच.

सकाळी रंगाऱ्याने मला हाक मारली. कुंपणावरून. मी गेलो. तो दाराबाहेर उभा होता, हात लोंबकळत. मला नुसतं बोटाने दाखवलं. त्याच्या दाराच्या चौकटीवर, बाहेरच्या अंगाला, पिवळा बाण. टोक डोंगराकडे. मी बोट लावलं. ओला.

मला काही माहीत नव्हतं तोवर. मी हसलो. म्हटलं, "अरे, गल्लीतल्या कार्ट्यांचा उद्योग असेल. बघ ना, किती खाली काढलाय."

खरंच खाली होता. माझ्या गुडघ्याच्या उंचीवर.

रंगारी हसला नाही. तिथल्या तिथे खाली बसला, मग आणखी वाकला, हात टेकले जमिनीला. मग त्याचं तोंड बाणाच्या समोर आलं. आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "ज्याने चालायचं असतं ना... त्याच्या डोळ्यांसमोर काढतात बाण. उंची बघून."

आतून लेकीने हाक मारली. आनंदात होती पोर.

"बाबा, लवकर या ना! हात लावून बघा... कसं पाय मारतंय आज!"