निळ्या पिकअपचा शाफ्ट

ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल खोटं म्हणावं. माझ्या भावाचा उजवा हात कोपरापासून नाही, तेवढं मात्र कुणाला खोटं ठरवता येणार नाही.

गेल्या वर्षीचा नोव्हेंबर. गुरुवार. आलाय नावाच्या डोंगरी खोऱ्यातलं आमचं गाव, माझ्या गॅरेजचं आवार, दुपारचे बारा.

रात्र नव्हती. अंधार नव्हता. बर्फावर असं ऊन पडलं होतं की डोळे उघडवत नव्हते.

मी बेकमुर्झा. सव्वीस वर्षं गाड्या दुरुस्त करतोय. भूतबीत मानणाऱ्यांची मी आयुष्यभर टर उडवली.

जूमार्त माझा धाकटा भाऊ. त्याच्या पिकअपचा पुढचा शाफ्ट तुटला होता, म्हणजे इंजिनाचा जोर पुढच्या चाकाला देणारा लोखंडी दांडा. एरवी मागच्या चाकांवर भागलं असतं. पण त्याची बायको बुरुलचा आठव्या महिन्यात होती. पाय सुजलेले, रक्तदाब चढलेला. डॉक्टरीण म्हणाली होती, दोन दिवसांत ओशच्या मोठ्या दवाखान्यात न्या, नाहीतर आई नाही तर बाळ, एक जाईल. कदाचित दोघंही.

मधे ताल्दिकचा घाट. घाटात गुडघाभर बर्फ. चारही चाकं ओढल्याशिवाय गाडी तो चढत नाही, आणि गावात तशी गाडी एकच, जूमार्तची.

मी ओरोझाली भंगारवाल्याकडून जुना शाफ्ट आणला.

"कुठल्या गाडीचा आहे?" मी विचारलं.

"निळी पिकअप होती. मालकाने काढून टाकली. तू डोळे झाकून लाव रे."

डोळे झाकूनच लावला. मूर्ख मी!

शाफ्टवर नवं बेअरिंग चढवायचं तर ते आधी तेलात उकळतात. गरम झालं की फुगतं आणि सरकन बसतं. गॅरेजमधलं तेल संपलं होतं. मी सरळ घरातली कढई उचलली, तळणाचं तेल ओतलं आणि चुलीवर ठेवली.

माझी बायको सायराकुल धावत आली.

"अहो, आज गुरुवार आहे!"

"मग? बेअरिंगचा रोजा आहे का?"

"चेष्टा पुरे. तेल तापवलंत, नाव कुणाचं घेतलंत?"

आमच्याकडे गुरुवारी घरात तेलाचा वास काढतात तो गेलेल्यांसाठी. त्या वासावर ती माणसं येतात. म्हणून तेल तापलं की आपल्या माणसांची नावं घ्यायची, दुआ वाचायची. आपली येतात, समाधानाने परत जातात.

नाव न घेता वास सोडला तर... जे कुणी सगळ्यात जवळ असेल ते येतं.

"बेअरिंगचं नाव घेतलं," मी म्हणालो. "नंबरासकट."

जूमार्त खो खो हसला. सायराकुल हसली नाही.

शाफ्ट बसला. मी आवारात एक चक्कर मारली.

टक्... टक्... टक्.

मग शांत.

पुन्हा तीनदा.

पुढच्या चाकाकडून आवाज येत होता. मी उतरलो, गाडी जॅकवर घेतली, खाली ठोकळे लावले. शाफ्टच्या टोकांची रबरी टोपणं बघितली, ठीक. नट आवळलेला. चाक हलवून बघितलं, जरासुद्धा ढिलं नाही. जुना शाफ्ट शेजारी ठेवून लांबी मोजली, दाते मोजले. सगळं जुळत होतं.

पुन्हा चक्कर मारली. हळू चालवली, तीन ठोके. जोरात चालवली, तीन ठोके. आणि ठोक्यांमधलं अंतर तेवढंच!

गाडीचा कुठलाही आवाज चाकाच्या वेगाबरोबर बदलतो. बदलायलाच हवा. हा बदलत नव्हता.

"दादा, ही गाडी वाजत नाहीये," जूमार्त म्हणाला. "कुणीतरी वाजवतंय."

"तोंड बंद कर आणि खाली शिर," मी ओरडलो. मला भीती वाटली की मी ओरडतो.

गाडी पुन्हा जॅकवर चढवली. इंजिन बंद. किल्ली माझ्या खिशात. पुढच्या चाकांची लॉकं मी स्वतःच्या हाताने सोडली. लॉक सोडलं की चाक वेगळं, शाफ्ट वेगळा. मग शाफ्टला फिरवणारं कुणीच उरत नाही.

जूमार्त पाठीवर सरकत आत गेला. शाफ्टवर हात ठेवला.

"दादा..."

"काय?"

"गार नाहीये हा. कोमट आहे. माणसाच्या अंगासारखा."

आणि शाफ्ट फिरला.

एक झटका. त्याची बाही दांड्यात गेली. दुसरा फेरा, मनगट गेलं. तिसऱ्या फेऱ्याला कोपर असं मोडलं की आवाज मला बाहेर ऐकू आला. हाड कातडी फाडून वर आलं. रक्ताची चिळकांडी माझ्या तोंडावर उडाली. जूमार्त जनावरासारखा ओरडत होता आणि शाफ्ट अजून पीळ घालत होता, सावकाश, कपडे पिळावेत तसा. मी चाकू घेऊन आत घुसलो. बाही कापली, बोटं कापली गेली ती त्याची की माझी कळलं नाही. मोठा पाना घेऊन मी त्या लोखंडावर घाव घातले. घातले... घातले... शिव्या देत, रडत.

तेव्हा कुठे तो थांबला.

सायराकुलने पट्ट्याने दंड आवळून बांधला आणि बुरुलचाला घेऊन आली. मी बाजूला जाऊन ओरोझालीला फोन लावला.

"खरं बोल हरामखोरा, नाहीतर येऊन तुझं नरडं फोडतो. कुणाची गाडी होती?"

त्याने पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"तेमीरकुलची," तो म्हणाला. "घाटापलीकडे दरीत गेली. अर्धी नदीत. तो आत चेपलेला, जिवंत. हातात पाना होता, दारावर मारायचा. तीन मारायचा, थांबायचा. आम्ही वरून ऐकत होतो रे. दोरी बांधून मीच उतरलो. खिडकीतून त्याचा हात धरला. पाणी छातीला लागलं तशी मला भीती वाटली, आणि..."

"आणि काय?"

"सोडला मी. त्याने घट्ट धरला होता, मीच झटकला."

मी फोन ठेवला. जूमार्तने हे ऐकलं नव्हतं. तो गाडीच्या मागच्या सीटवर होता, अर्धा बेशुद्ध, डोकं बुरुलचाच्या मांडीवर.

आता सांगा, तुम्ही काय केलं असतं? दुसरी गाडी नाही. दुसरा शाफ्ट नाही. भावाचं रक्त थांबत नव्हतं आणि बुरुलचाला कळा सुरू झाल्या होत्या. मी तेमीरकुलचं नाव घेतलं, येते तेवढी दुआ पुटपुटली, पुढची लॉकं लावली आणि निघालो.

घाट चढलो. चारही चाकं मस्त ओढत होती. ठोके सुरूच होते, पण मी कान बंद करून घेतले होते. उतार लागला. नदी दिसायला लागली.

एका वळणावर ठोके थांबले...

आणि स्टिअरिंग माझ्या हातातून दरीकडे फिरलं.

मी सगळं वजन टाकून उलटं ओढलं. अंगठा मोडला. ब्रेक दाबला तरी पुढचं चाक ओढतच होतं. बुरुलचा मागून पुढे झेपावली, तिनेही स्टिअरिंग धरलं. पोटुशी बाई, दात ओठ खात ओढत होती.

"भाऊजी, सोडू नका! सोडू नका!"

गाडी खडकावर आदळली, काच फुटून माझ्या कपाळात घुसली, आणि तरी ती पुन्हा कडेला वळली. एक चाक हवेत गेलं. खाली फेसाळलेलं पाणी मला सरळ दिसत होतं.

"तेमीरकुल!" मी किंचाळलो. "आत बाई आहे रे! पोटात लेकरू आहे!"

काही नाही. गाडी इंचाइंचाने सरकत होती.

तेव्हा मागून जूमार्तचा आवाज आला. शुद्धीतला नव्हता तो. पण शांत होता, लहान मुलाला समजावतात तसा.

"धरलाय रे. धरलाय तुझा हात. नाही सोडत."

स्टिअरिंग एकदम मोकळं झालं.

मी गाडी मागे घेतली. मग थेट ओशलाच थांबवली.

मुलगी झाली. आई आणि लेक दोघी सुखरूप आहेत. जूमार्तचा हात मात्र कोपरापासून कापावा लागला. शाफ्ट मी काढला आणि उचलून नदीत फेकला. नंतर लावलेल्या शाफ्टला काहीसुद्धा आवाज नाही.

आता तो डाव्या हाताने लेकीला खेळवतो. सगळे म्हणतात, पोरगा सावरला. मीही तेच म्हणायचो.

मागच्या महिन्यात आम्ही दोघंच चहा पीत बसलो होतो. बोलता बोलता मी विचारलं, "हात दुखतो का रे अजून?"

"दुखत नाही," तो म्हणाला. "पण रिकामा नाहीये, दादा. त्या नसलेल्या हातात एक गार हात आहे. ओढत नाही, त्रास देत नाही. नुसता धरून आहे."

मी कप खाली ठेवला. मी म्हणालो, आपण मुल्लाला बोलावू, मेंढा कापू, तू मनातल्या मनात एकदा झटकून तर बघ.

जूमार्तने रिकामी बाही मांडीवर ओढून घेतली.

"बघितलं झटकून," तो म्हणाला. "तो सोडेल असं वाटतं, दादा. पण आता मलाच सोडवत नाही."