पागोट्याचा हुकूम

पहाट फुटली तेव्हा शंखोली बेटाच्या पश्चिम बुरुजावर धुके इतके दाट होते, की खालच्या खडकांवर फुटणारी लाट दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती. पूर्वेकडे मात्र ते विरत चालले होते आणि खाडीच्या तोंडाशी नांगरलेली किनारपट्टीच्या सुभेदाराची अठरा गलबते एकामागून एक उघडी पडत होती. चोपदार धाकोजी पिळणकराने ती मोजली, रुप्याची काठी उचलली आणि तो सदरेकडे निघाला.

शंखोलीला राजघराणे नव्हते. पाच पाड्यांचे पाच तांडेल एकमताने एक नाईक निवडत आणि तो मरेपर्यंत राज्य करी. मेल्यावरही काही दिवस करी. नवा नाईक ठरेपर्यंत जुन्याचे पागोटे गादीवर ठेवायचे, प्रत्येक हुकूम त्याच्यापुढे तीनदा वाचायचा आणि चोपदाराने कान देऊन मोठ्याने सांगायचे: मंजूर. नकाराचाही अधिकार पागोट्याला होता. तसा नकार आला, तर मेलेल्याचा अंमल त्याच घटकेला संपे आणि नवा नाईक निवडल्याशिवाय तांडेलांना सदर सोडता येत नसे. पण चार पिढ्यांत असा नकार कुणी ऐकला नव्हता.

रुद्राजी नाईक जाऊन अकरा महिने झाले होते. कारभारी अंताजीपंतांनी तांडेलांमध्ये अशी फूट पाडून ठेवली होती, की पाचांचे एकमत होऊ नये आणि पागोट्याच्या नावाने बेट पंतांनीच चालवावे. धाकोजी रोज सकाळी 'मंजूर' म्हणत आला होता. गादीवरून त्याला कधी काही ऐकू आले नव्हते, आणि त्याचे त्याला काही वाटतही नव्हते.

आज पंतांच्या हातात तहनामा होता. किल्ला सुभेदाराच्या हवाली करावा आणि यापुढे शंखोलीचा नाईक तांडेलांनी न निवडता सुभेदाराने नेमावा, असा त्यातला मजकूर.

"नेमणूक कुणाची, तेही लिहिलंय का पंत?" लाडूबाईने विचारले. नवरा समुद्रात बुडाल्यापासून उत्तर पाड्याचे तांडेलपण तिच्याकडे होते. "की तुमच्या नावापुरती जागा कोरी ठेवलीय?"

"बाईसाहेब, बाहेर अठरा गलबते उभी आहेत. आपली किती?"

"सात. तुम्ही दुरुस्तीच्या नावाखाली ओढून ठेवलेली दोन धरली, तर नऊ."

"विनोद पुरे. मजकूर नाईकसाहेबांपुढे जाऊ द्या."

वाचन सुरू झाले की तांडेलांनी बोलायचे नसे. लाडूबाई मागे सरली. बाकीचे चौघे जमिनीकडे पाहत राहिले. पंतांनी तीनदा वाचले. धाकोजी गादीजवळ वाकला.

आणि या वेळी त्याला ऐकू आले. बोलण्याआधी नाईक नेहमी खाकरत, तसे खाकरणे, मग थकलेला, खालचा आवाज: "मंजूर."

बावीस वर्षे धाकोजीने या आवाजाची चाकरी केली होती. शेवटच्या दुखण्यात नाईक त्याला पूर्वेच्या खिडकीशी उभे करून पुन्हा पुन्हा विचारत, 'आज सुभेदाराची किती गलबते दिसतात रे?' आणि आकडा ऐकून डोळे मिटून घेत. देह गेला होता, भीती गेली नव्हती.

धाकोजी ताठ उभा राहिला. "नामंजूर," तो म्हणाला.

पंतांचा चेहरा उतरला. "पागोट्यावर हात ठेव. ऐकलंस तेच सांगतोयस, अशी शपथ घे. खोट्या शपथेच्या चोपदाराला भरतीच्या खडकाला बांधतात, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे, पंत. माझ्या चुलत आज्याला बांधलं होतं."

त्याने हात ठेवला. अकरा महिने कुणी न घातलेले ते कापड कोमट लागले.

"ऐकलं तेच सांगतो."

सदरेचे दरवाजे बंद झाले. पंत तांडेल नव्हते, त्यांना बाहेर काढले गेले. आता आपल्यातला एक किंवा सुभेदाराचा माणूस, एवढीच निवड तांडेलांपुढे उरली होती. दुपारपर्यंत पाचही हात लाडूबाईच्या बाजूने वर झाले. पंत होडीने सुभेदाराकडे पळाले आणि त्याच संध्याकाळी तोफा सुरू झाल्या. वेढा सात आठवडे चालला. उत्तर पाडा जळाला, एकसष्ट माणसे गेली. किल्ला पडला नाही.

सुभेदाराचे आरमार निघून गेल्यावर धाकोजीने लाडूबाईला खरे काय ते सांगितले.

"आणखी कुणाला सांगितलंस?"

"नाही, बाईसाहेब. माझी शिक्षा?"

"तू ऐकलं तेच बोलला असतास, तर ती एकसष्ट माणसं आज जेवायला घरी असती. आणि हे बेट आपलं नसतं. यातलं काय धरून तुला शिक्षा देऊ, तूच सांग."



मेलेल्या नाइकाच्या नावाने हुकूम काढण्याची रीत लाडूबाईने बंद केली. धाकोजी पुढे अकरा वर्षे जगला. समोरचा माणूस बोलता बोलता जरा थांबला, की तो घाईघाईने काहीतरी बोलून ती जागा भरून काढी. गप्प बसले की नाइकाचे तेच खाकरणे ऐकू येते, हे त्याने कुणाला सांगितले नाही.